तिणै आणि निसर्गवर्णन

मराठी समीक्षेत 'निसर्ग' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो, ही तक्रार नवी नाही. परंतु हा सैलपणा केवळ परिभाषेचा नसून दृष्टीचा आहे, असे मला वाटते. एखाद्या कवीचा अभ्यास करावयाचा झाला की आपण त्याच्या रचनेचे प्रेमकविता, सामाजिक कविता, निसर्गकविता असे गट पाडतो. कादंबरीचे परीक्षण करताना कथानक, स्वभावरेखन आणि संवाद यांचा हिशेब पुरा झाला म्हणजे शेवटच्या परिच्छेदात निसर्गवर्णनाच्या वाट्याला दोन कौतुकाचे शब्द येतात. या वाटणीमागे एक गृहीतक आहे. समाज एका बाजूस, निसर्ग दुसऱ्या बाजूस, आणि लेखक पहिल्याला कंटाळला की दुसऱ्याकडे वळतो, असे ते गृहीतक होय. ते कोणी उघडपणे मांडलेले नाही आणि म्हणूनच ते कोणी तपासलेलेही नाही.

त्याची दोन उगमस्थाने सहज दाखविता येतील. दण्डीने 'काव्यादर्शा'त महाकाव्याचे लक्षण सांगताना नगर, समुद्र, पर्वत, ऋतू, चंद्रोदय आणि सूर्योदय यांच्या वर्णनांचा समावेश केला, आणि तेव्हापासून निसर्ग हा एक 'वर्ण्य विषय' होऊन बसला. रसचर्चेत त्याला उद्दीपन विभावाची जागा मिळाली. म्हणजे भाव माणसांचा, आणि चांदणे व कोकिळा यांचे काम तो चेतविण्यापुरते. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी काव्याच्या परिचयाने निसर्गाला अधिक मान प्राप्त झाला खरा, पण तो एकांतातील सोबत्याचा मान होता. गावातून निघून ओढ्याकाठी जाऊन बसणारा कवी तेथे आपले मन शोधू लागला. बालकवींच्या थोरवीला यामुळे काही उणेपणा येत नाही. मात्र त्यांच्या निर्झराच्या पाण्यावर कोणाची शेते भिजतात, हा प्रश्न आपल्या समीक्षेला कधी सुचला नाही. आणि तो सुचणे अरसिकपणाचे ठरले असते, हे अधिक लक्षणीय आहे.

हा प्रश्न मला सुचला तो मराठी ग्रंथ वाचताना नव्हे. चेन्नईच्या अण्णा नगरात राहून काही वर्षे मी 'कुऱुन्तोगै' या प्राचीन तमिळ संग्रहातील निवडक कवितांचा मराठी अनुवाद करीत आहे. चार ते आठ ओळींच्या सुमारे चारशे कवितांचा हा संग्रह उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांच्या 1937 सालच्या सटीक आवृत्तीमुळे अभ्यासकांना नीट वाचता येऊ लागला, आणि ए. के. रामानुजन यांच्या 'द इंटिरिअर लँडस्केप' (1967) या इंग्रजी अनुवादामुळे तो तमिळच्या सीमेबाहेर पोहोचला. मराठी वाचकाला या कविता प्रथमदर्शनी ओळखीच्या वाटतात. सखी आहे, वाट पाहणारी नायिका आहे, मेघ आहेत. अनुवादही सुरुवातीला सुरळीत होतो, आणि मग अगदी साध्या जागी अडतो.

या अडचणीचे नाव तिणै. 'तोल्काप्पियम' या प्राचीन व्याकरणग्रंथाच्या पोरुळ नावाच्या तिसऱ्या भागात प्रेमकाव्याची मांडणी पाच तिणैंमध्ये केली आहे. कुरिंजी म्हणजे डोंगर, मुल्लै म्हणजे रान व कुरण, मरुदम म्हणजे नदीकाठची शेतजमीन, नेय्दल म्हणजे समुद्रकिनारा आणि पालै म्हणजे करपलेला प्रदेश. यांपैकी प्रत्येकीला तेथील फुलाचे किंवा झाडाचे नाव आहे, आणि प्रत्येकीचा एक भाव ठरलेला आहे. डोंगरात मीलन, कुरणात धीराने वाट पाहणे, शेतजमिनीत रुसवा आणि नायकाचा परस्त्रीकडील ओढा, किनाऱ्यावर व्याकूळ विलाप, पालैत ताटातूट. येथवर ऐकून मराठी वाचक म्हणेल की हा तर संकेतांचा तक्ता झाला. आमच्याकडेही चकोर आणि चातक आहेतच.

परंतु तिणैची घडण तपासली म्हणजे फरक कळून येतो. तिचे तीन घटक आहेत: मुदल, करु आणि उरि. मुदल म्हणजे भूमी आणि काळ. उरि म्हणजे त्या भूमीचा भाव. या दोहोंच्या मधला करु हा घटक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात देवता, अन्न, पशू, झाड, पक्षी, पडघम, वाद्य आणि माणसांचा व्यवसाय ही सर्व एकाच यादीत, एकाच पातळीवर येतात. मुल्लैतील नायिकेची प्रतीक्षा ही तेथील गुरे, पावसाळा, जुईची फुले आणि गवळ्यांची संध्याकाळी परत येण्याची वेळ या सर्वांतून निर्माण होते. व्यवसाय काढून घेतला तर भाव उभाच राहत नाही. म्हणजे निसर्ग आणि समाज यांचा संबंध काय, असा प्रश्न या काव्यशास्त्रात पडूच शकत नाही. कारण ज्या दोन वस्तूंचा संबंध विचारावयाचा त्या येथे वेगळ्या केलेल्याच नाहीत. रामानुजन यांच्या अनुवादाविषयी पूर्ण आदर बाळगूनही असे म्हणावेसे वाटते की 'अंतरीचे भूदृश्य' या त्यांच्या शीर्षकाने तोल थोडासा आतल्या बाजूला झुकविला. त्यांनी स्वतः करुची चर्चा केली आहे, परंतु त्यांच्यामागून आलेल्या पुष्कळ वाचकांनी शीर्षकच लक्षात ठेवले आणि डोंगराला मनाचे प्रतीक करून टाकले.

माझा अनुवाद अडला तो कुरिंजी या शब्दापाशी. निळी कुरिंजी निलगिरी आणि पळनीच्या डोंगरांत बारा वर्षांनी एकदा फुलते. अलीकडचे मोठे बहर 2006 आणि 2018 सालचे. सह्याद्रीत तिची सख्खी बहीण आहे, ती म्हणजे कारवी. तिचा बहरही सात-आठ वर्षांनीच येतो. शब्द सापडला असे समजून मी पहिल्या खर्ड्यात सर्वत्र कारवी घातली. रायगड जिल्ह्यातील एका स्नेह्यांनी तो खर्डा वाचून कळविले, "कविता ठीक आहे, पण वाचताना कोणी घर बांधावयास काढले आहे असे वाटते." त्यांचे म्हणणे खरे होते. कोकणच्या डोंगरवस्तीत कारवी म्हणजे प्रथम कुडाच्या भिंती. तिच्या काठ्या उभ्या करून वर शेणमातीचा गिलावा देतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही झाडे एकाच कुळातील. तरी एका समाजाने तिच्यात मीलन पाहिले, दुसऱ्याने भिंत. करुची यादी बदलली की उरि बदलतो, हे मला या पत्राने जितके स्पष्ट झाले तितके टीकाग्रंथांनी झाले नव्हते. आणि मग असेही मनात आले की कुडाच्या भिंतीतही एक भाव असलाच पाहिजे. मराठी कवितेने तो पुरेसा शोधलेला नाही एवढेच.

या दृष्टीने आपल्याच जुन्या ठेव्याकडे वळून पाहिले तर काय आढळते? हाल सातवाहनाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' ही महाराष्ट्री प्राकृतातील, गोदावरीच्या परिसराशी जडलेली. स. आ. जोगळेकरांनी 1956 साली तिची विस्तृत प्रस्तावनेसह मराठी आवृत्ती सिद्ध केली. जॉर्ज हार्ट यांनी 1975 सालच्या आपल्या ग्रंथात तमिळ संघकाव्य आणि ही गाथा यांच्यामागे दख्खनची एक समान लोकपरंपरा असावी असे प्रतिपादन केले आहे. ते सर्वांशाने मान्य करण्याची आवश्यकता नाही. परंतु गाथेतील नांगरकरी, त्यांच्या स्त्रिया, कापसाची व तागाची शेते पाहिली म्हणजे हे काव्य दरबारी उद्यानातले नव्हे हे कळते. ताग उंच वाढला की तो प्रेमिकांना आडोसा होतो, आणि पीक कापणीला आले की नायिकेचा चेहरा उतरतो. येथे प्रेमाचे वेळापत्रक पिकाने ठरविले आहे. धान्य घरी येणे ही कुटुंबाची समृद्धी आणि तिची एकटीची हानी; दोन्ही एकाच दिवशी, एकाच विळ्याने.

आपल्या काव्यशास्त्राने या गाथांचे काय केले? आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त त्या ध्वनीची उदाहरणे म्हणून घेतल्या. गोदाकाठच्या झाडीत फुले वेचावयास येणाऱ्या एका धार्मिक गृहस्थाला एक स्त्री सांगते की तुला भिवविणाऱ्या कुत्र्याला तेथील सिंहाने मारले आहे, आता खुशाल हिंड. वाच्यार्थ परवानगीचा, ध्वनी निषेधाचा. शतकानुशतके ही गाथा याच कारणासाठी पाठ केली गेली, आणि विश्लेषण निर्दोष आहे यात संशय नाही. परंतु त्यात झाडी हरवली. ही झाडी कोणाची, हा त्या गाथेचा विषय आहे. देवपूजेच्या फुलांसाठी ती हवी असणारा एक आणि भेटीसाठी ती हवी असणारी दुसरी, असा नदीकाठच्या एका मोकळ्या जागेच्या वापराचा हा तंटा आहे आणि स्त्री तो खोट्या सिंहाच्या साहाय्याने जिंकते. ध्वनिविचाराला तिणैची जोड मिळाली असती तर आपल्याकडे एक वेगळीच समीक्षा जन्माला आली असती. दण्डी कांचीच्या पल्लवांच्या आश्रयाला होता असे मानतात. म्हणजे तिणैचे शास्त्र त्याच्या दाराशी होते. त्याने ते घेतले नाही, याचे नवल मला कांचीला जाताना दर वेळी वाटते.

आधुनिक मराठी गद्यातले एकच उदाहरण थोडे विस्ताराने घेतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) आपण 'प्रादेशिक कादंबरी' या सदरात ठेवली आहे. प्रादेशिक या विशेषणाचा आपल्या समीक्षेतील अर्थ तपासला तर तो बहुधा 'स्थानिक चव असलेली' एवढाच निघतो. जणू मूळ पदार्थ सर्वत्र सारखा आणि माणदेशाचे तिखट वरून भुरभुरलेले. या कादंबरीचे कथानक सैल आहे, ती व्यक्तिचित्रांची माळ आहे, असा आक्षेपही ऐकावयास मिळतो. आता तिणैच्या दृष्टीने पाहा. औंध संस्थानातील धनगरांची ही वाडी. मेंढरे, गवत, पाऊस आणि माणसे यांची एकच यादी येथे आहे. पोरे शाळेत येणार की मेंढरांमागे जाणार हे मास्तर ठरवीत नाही, चारा ठरवितो. हे सरळ मुल्लै आहे, आणि मुल्लैचा भाव जो वाट पाहणे, तोच या कादंबरीचा स्थायी सूर आहे. मास्तर पोरांची वाट पाहतो, वाडी पावसाची. मधल्या काळात वाडी एक तालीम बांधते, प्रत्यक्ष राजेसाहेब तिच्यासाठी येतात, आणि क्षणभर असे वाटते की समाजाने स्वतःच्या बळावर काही उभे केले. मग पाऊस येत नाही. मेंढरे मरतात, माणसे वाडी सोडतात, मास्तरालाही ती सोडावी लागते. प्रतीक्षेची जागा ताटातुटीने घेतली. भूमीने आपली तिणै बदलली. हे कथानक सैल कसे म्हणावे? ते फार घट्ट आहे. मात्र त्याचा कर्ता कोणी एक पात्र नसल्यामुळे आपल्याला ते दिसले नाही.

मुल्लैचे पालै होणे ही माझी कल्पना नव्हे. 'तोल्काप्पियम'मध्ये भूमीची वाटणी सांगताना पालैला स्वतःची भूमी दिलेलीच नाही. 'सिलप्पदिकारम' या महाकाव्यात तर स्पष्ट सांगितले आहे की मुल्लै आणि कुरिंजी यांची नैसर्गिक व्यवस्था उन्हाने बिघडली म्हणजे त्याच पालैचे रूप घेतात. म्हणजे पालै हे ठिकाण नव्हे. ती प्रत्येक भूमीच्या पोटात असलेली शक्यता आहे. जगाच्या काव्यशास्त्रांत इतका भेदक विचार मला अन्यत्र आढळलेला नाही.

तमिळ कादंबरीने हा वारसा जाणीवपूर्वक वापरला आहे. राजम कृष्णन यांच्या 'कुरिंजित्तेन' (1963) मध्ये निलगिरीतील बडग समाजाच्या पिढ्या कुरिंजीच्या बहरांनी मोजल्या जातात, आणि जुन्या शेतीच्या जागी चहा आला की ते मोजमापच निकामी होते. आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' (1956) याच्या फार जवळ जाते. महिन्यागणिक झाडांचे, फुलांचे, लोकसमजुतींचे इतके डोळस चित्रण मराठीत दुसरे नाही. तरीही त्यात काळ भरपूर आणि व्यवसाय कमी आहे. पाहणारी बाई एकटी आहे. हा दोष म्हणून मी सांगत नाही. ललित निबंधाची ती प्रकृतीच असेल.

या देवघेवीचा एक जुना दाखला तंजावरात आहे आणि मराठी वाङ्मयेतिहासात तो बहुधा तळटीपेत जातो. दुसरे सरफोजी महाराज (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्या नावावर 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार; त्यात डोंगरात राहणारी कुरव जातीची भविष्य सांगणारी स्त्री येते आणि आपल्या डोंगराचे, धबधब्यांचे वैभव गाते. ती कुरिंजी भूमीची कन्या होय. सरफोजींनी तिच्या तोंडी साऱ्या पृथ्वीचा भूगोल घातला. खंडे, देश, नद्या ती मराठीत सांगते! प्रयोग गमतीचा आहे आणि त्यामागची ज्ञानतृष्णा आदरणीय आहे. पण येथे काय झाले तेही पाहावे. डोंगरातील स्त्रीला सारे जग मिळाले आणि तिचा स्वतःचा डोंगर गेला. करु गळून पडला, राहिली ती नावांची यादी. तिणैचे भूगोलात रूपांतर मराठीत प्रथम झाले ते असे.

एवढे गुणगान केल्यावर एक गंभीर आक्षेप मांडणे प्राप्त आहे, कारण तिणै जशीच्या तशी उचलून आणावी असे माझे म्हणणे नाही. माणसाचा व्यवसाय पक्षी आणि झाड यांच्या यादीत बसविणे हे एका अर्थी उदार आहे, दुसऱ्या अर्थी भयंकर. गवळी कुरणाचा, कोळी किनाऱ्याचा, हे जसे मोर डोंगराचा तसे ठरले, म्हणजे व्यवसाय जन्माने आणि निसर्गाने ठरला. 'तोल्काप्पियम'च्या एका सूत्रात सेवक आणि कामकरी यांना या पाच तिणैंच्या बाहेरच्या प्रेमप्रकारांत जागा दिली आहे. शेत मरुदमचे खरे, पण शेतात राबणारा मरुदमचा नायक नव्हे.

मराठी लेखकाला हे विसरता येणार नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यावयास गेले, त्या दिवशी 'पाणी' हा शब्द मराठीत कायमचा बदलला. तळे निसर्गदत्त असते आणि त्याचा काठ समाजदत्त, हे त्यानंतर कोणालाही नाकारता येत नाही. दया पवारांनी धरणावर राबणाऱ्या स्त्रीला गाणे दिले. त्या धरणाच्या पाण्याने कोणाचे मळे फुलतात आणि ती स्वतः कोठे तहानलेली राहते, हे ते गाणे सांगते. तेव्हा मराठीत तिणै आणावयाची तर मुदल, करु, उरि यांना चौथा घटक जोडावा लागेल. हे पाणी, हे रान, हा काठ कोणाच्या हक्काचा? तमिळ शास्त्रकारांनी हा प्रश्न विचारला नाही. गोदाकाठच्या त्या खोटारड्या स्त्रीने मात्र विचारला होता.

मी जेथे बसून हे लिहीत आहे त्या वस्तीकडेच पाहिले तरी या चौथ्या घटकाची गरज पटते. अण्णा नगर ही आखीव वसाहत आहे. 1968 साली येथे जागतिक व्यापार प्रदर्शन भरले, त्या वेळचा उंच मनोरा अद्याप उद्यानात उभा आहे. पुढे गृहनिर्माण मंडळाने येथे रस्ते आखले आणि विभागांना इंग्रजी मुळाक्षरे दिली. मुळाक्षरांना करु नसतो. परंतु भोवतालची नावे टिकून आहेत. दक्षिणेस कूवम नदी, जवळच ओट्टेरी नाला, ज्याच्या नावातील 'एरी' म्हणजे बांध घालून केलेला सिंचनाचा तलाव. आणि शेजारी विल्लिवाक्कम. यातील 'पाक्कम' हा शब्द जुन्या व्याख्यात्यांनी नेय्दल भूमीच्या वस्तीला लावलेला आहे. शहराच्या दुसऱ्या भागात नुंगंबाक्कमचा तलाव बुजवून त्या जागी तिरुवळ्ळुवरांचे स्मारक 1976 साली उभे राहिले. कवीचे स्मारक तलावावर, हे पाहून काव्यशास्त्राच्या अभ्यासकाने काय म्हणावे? आणि जवळच 'टँक बंड रोड' आहे. बांध गेला, रस्त्याच्या नावात राहिला.

डिसेंबर 2015 मध्ये हे शहर पाण्याखाली होते. त्यानंतर चार वर्षे पुरी होण्याआधीच, 2019 च्या उन्हाळ्यात, शहराला पाणी पुरविणारे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले. आमच्या गल्लीत पाण्याच्या गाडीपुढे रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या घागरींची रांग लागे. घरमालकाचा टँकर वेगळा, घागरींची रांग वेगळी. 12 जुलै 2019 रोजी जोलारपेट्टैहून पाण्याची पहिली आगगाडी आली ती विल्लिवाक्कम स्थानकात. पन्नास वाघिणी आणि सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी. आम्हा मराठी माणसांना ते दृश्य नवे नव्हते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला अशीच गाडी गेली होती. एक भूमी ओली राहावी म्हणून दुसऱ्या भूमीचे पाणी रुळांवरून यावे, हे कोणत्या तिणैत बसते? मरुदमने आपले पाणी पालैला पाठविले असे म्हणावे, तर ज्या गावांतून ते आले तेथील लोकांचे मत कोणी विचारले होते, हा चौथा प्रश्न पुन्हा उभा राहतो. जोलारपेट्टैच्या बाजूने तेव्हा विरोधाचे सूर उमटलेच होते.

त्या उन्हाळ्यात मी 'कुऱुन्तोगै'तील पालै कवितांचा अनुवाद करीत होतो आणि त्या एका शब्दाला मराठी प्रतिशब्द मिळत नव्हता. 'वाळवंट' चालत नाही. मराठी कानाला वाळवंट म्हणजे चंद्रभागेचे, तेथे ताटातूट नाही, भेट आहे. 'माळ' कायमचा असतो, त्याने काही गमावलेले नसते. 'दुष्काळ' हा काळ आहे, जागा नव्हे. आणि सरकारी कागदांतून फिरून फिरून तो गुळगुळीत झाला आहे. 'करपलेले रान' हे अर्थाला जवळ आहे, परंतु दोन शब्दांचे ओझे त्या चार ओळींच्या कवितेला पेलत नाही. कुरिंजीच्या जागी घातलेली कारवी मी खर्ड्यातून काढली आहे. एका कवितेत मात्र, जेथे नायिका डोंगरातील झोपडीच्या दाराशी उभी आहे, तेथे ती राहू दिली. पालै हा शब्द तूर्त तसाच ठेवला आहे. माणदेशात, मराठवाड्यात किंवा अन्यत्र या अर्थाचा एखादा बोलीतील शब्द प्रचारात असल्यास तो जाणकारांनी कळवावा. अनुवादाची मुद्रिते अद्याप माझ्याकडेच आहेत.